लॅब दाखवली, वर्ग राहिले

आमची शाळा कळव्यात, मराठी माध्यमाची. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. माल मिळाल्याच्या चलनावर सही माझी आहे, म्हणून हे लिहायचं कामही माझंच.

१९९४ च्या दहावीच्या तुकडीने वर्गणी काढून २८ कॉम्प्युटर दिले. २० लॅबसाठी, ८ वर्गांत प्रोजेक्टरला जोडायला. तीन विक्रेत्यांची कोटेशनं आली, त्यात ज्याच्याकडून घेतले त्याचं सगळ्यात कमी होतं: मॉनिटरसकट नगाला ३१,००० रुपये. मालाचं वर्णन एका ओळीत, ‘आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’. मुलांना प्रोसेसर म्हणजे काय हे फळ्यावर चित्र काढून शिकवणारी मी, पण आय-५ कुठल्या जनरेशनचा, म्हणजे किती जुन्या पिढीचा, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

डेमोचा पीस दहाव्या जनरेशनचा होता. लॅबमधले वीसही तसेच निघाले. कार्यवाह आले, नारळ फुटला, पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी सगळ्या २८ नगांचा चेक गेला. “वर्गातले सोमवारी बसवतो, बाई,” विक्रेता म्हणाला. बसवलेही, शब्दाला जागून.

वर्गातला कॉम्प्युटर कोण तपासतो हो? शिक्षक येतात, व्हिडिओ लावतात, घंटा झाली की बंद करतात. एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, नवी, त्यामुळे मशीन झटकन सुरू व्हायचं. मध्येच अडकलं तर आम्ही नेटला नावं ठेवायचो. त्या माणसाला शाळा कशी चालते ते आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. शिवाय कॅबिनेटच्या स्क्रूवर स्टिकर, ‘फाटल्यास वॉरंटी रद्द’. कोण उघडणार?

आठ महिन्यांनी लॅबमधलं एक मशीन बंद पडलं म्हणून ७-ब मधलं उचलून आणलं. बाकीच्यांवर विंडोज ११, याच्यावर १०. अपडेट करायला गेले तर प्रोसेसर चालणार नाही असा मेसेज. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीनची माहिती दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला: आय५-३४७०. म्हणजे तिसरं जनरेशन, २०१२ चं. ७-ब मधल्या मुलांच्याच वयाचा! मग स्टिकर फाडलंच. आत चकचकीत नवा एच६१ बोर्ड (जुन्या प्रोसेसरसाठीचा मदरबोर्ड), त्यावर वापरलेला प्रोसेसर आणि डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम. आठही वर्गांत तेच.

फोन केला तर आवाजही चढवला नाही त्याने. “बिलात आय-५ लिहिलंय ना? आय-५च दिलाय.” बिलावर खरंच तेवढंच होतं, ‘संगणक संच, आय-५, २८ नग’. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण दाखवायला कागद काय होता आमच्याकडे?

तुमच्या शाळेत खरेदी निघाली असेल तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर कोटेशनवर लिहून घ्या. आय५-च्या पुढे ३४७० असेल तर तिसरं, १०४०० असेल तर दहावं जनरेशन. बोर्डचं मॉडेल आणि रॅम डीडीआर३ की डीडीआर४ हेही घ्या, आणि बिलावर प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा स्पीड दोन्ही दिसतं, मशीन उघडावं लागत नाही. १६०० दिसलं की समजा, डीडीआर३ आहे. एका मशीनला मिनिटसुद्धा लागत नाही. मी आठ महिने लावले. आणि पैशांचा शेवटचा हप्ता लॅबच्या उद्घाटनाला देऊ नका, शेवटच्या वर्गातलं शेवटचं मशीन स्वतः बघून झाल्यावर द्या.

आठांपैकी पाच अजून वर्गांत चालू आहेत, दुसरं काय लावणार? प्रत्येकावर ‘१९९४ च्या तुकडीकडून सप्रेम’ अशी पितळी पट्टी आहे. २६ जानेवारीला त्यातले चौघं झेंडावंदनाला येणार आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, त्यांना लॅबच दाखवू या.