पदवीच्या जोडीला कलेतिहास: स्वयमवरचे एनपीटीईएल कोर्स

बी.एस्सी., बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करताना कलेतिहास शिकावासा वाटला, तर बहुतेक कॉलेजांत तो विषयच नसतो. तिथे स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून चालवलेल्या उपक्रमाचे, कोर्स कामाला येतात. व्हिडिओ फुकट, परीक्षा द्यायची तर हजार रुपये.

१२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे ३ क्रेडिट. दर आठवड्याच्या असाइनमेंटपैकी सर्वोत्तम ८ धरून २५ गुण, उरलेले ७५ केंद्रावरच्या परीक्षेचे. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० हवेतच. २५ अधिक २८ अशी बेरीज ५३ झाली तरी हाती काही नाही.

घोळ दोन ठिकाणी होतो. कोर्स जॉइन केला म्हणजे परीक्षेचा अर्ज भरला असं नाही. तो वेगळा, त्याची मुदतही वेगळी. दुसरा घोळ क्रेडिटचा. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण नेमका तो कोर्स कॉलेजला मान्य हवा. ही मान्यता सत्राआधीच लेखी घ्या.

मूळ विषयाला याचा उपयोग काय? अजिंठ्याची भित्तिचित्रं घ्या. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. म्हणजे ओल्या चुन्यात रंग मुरवणारं इटालियन फ्रेस्को हे नव्हे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पिवळा पडला आणि पुढे पुरातत्त्व खात्याला उतरवत बसावं लागलं. लाख सुटेल पण खालचा रंग हलणार नाही असा विद्रावक कोणता? रसायनशास्त्राच्या पोराने डोकं लढवावं असा हा प्रश्न, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये न सापडणारा. बी.कॉम.वाल्याने निळ्याकडे बघावं: गेरू आणि पिवळी माती इथलीच, लाजवर्द हा निळा दगड मात्र व्यापारातून, अफगाणिस्तानातून आलेला.

कमतरता परीक्षेच्या पद्धतीत आहे. बहुपर्यायी प्रश्नांत ‘बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र कितव्या लेण्यात?’ एवढंच विचारता येतं. उत्तर १, पाठ करून मोकळे. त्याच्या कलत्या मानेचा आणि अर्धमिटल्या डोळ्यांचा मेळ कसा बसतो, हे कोणी लिहून घेत नाही. तेव्हा दर आठवड्याला एक चित्र निवडून, काहीही न वाचता, नुसतं बघून २०० शब्द लिहा. जमलं तर अजिंठ्यालाच जा. सोमवारी बंद, आणि चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही.