छोट्या मिलिंग मशीनवर जॉब पकडायला: फिक्स्चर प्लेट की सॉफ्ट जॉ?

घरच्या छोट्या मिलिंग मशीनवर एकाच मापाचे पाच-सहा पार्ट काढायचे म्हटलं, की प्रश्न कटरचा राहत नाही, जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) पकडायचा होतो. एखाद-दुसऱ्या पार्टाला व्हाइस (दोन जबड्यांचा शिकंजा), पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) आणि प्लास्टिकची हातोडी पुरते. त्यापुढे दोन वाटा आहेत. टेबलावर ॲल्युमिनियमची फिक्स्चर प्लेट (ओळीने भोकं पाडलेली जाड पाटी) बसवून तिच्यावर जॉब क्लॅम्प करायचा, नाहीतर व्हाइसला ॲल्युमिनियमचे सॉफ्ट जॉ (कापता येणारे मऊ जबडे) लावून त्यांतच जॉबच्या आकाराची बैठक कापायची. मी दोन्ही बनवून वापरले आहेत. माझं काम बहुतेक हौशी दुर्बिणींचं, म्हणजे फाइंडरचे ब्रॅकेट, फोकसरच्या प्लेटा, गोल रिंगा. तुमचं काम वेगळं असेल तर तेवढी सूट देऊन वाचा.

प्लेटीची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. व्हाइस सत्तर-ऐंशी मिमी उंची सहज खातो. छोट्या मशीनवर वर ड्रिल चक लावला की मग फारशी जागा उरत नाही. प्लेट आपल्या १५-२० मिमी जाडीपुरतीच जागा घेते. जॉब टेकवण्याची शिस्तही तिच्यावर चांगली पाळता येते: खालून तीन टेकू, लांब बाजूला दोन डॉवेल (गुळगुळीत गोल पिना), आखूड बाजूला एक. खालच्या अंगाला टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या खाचांत) घट्ट बसणाऱ्या दोन चाव्या (चौकोनी पट्ट्या) लावल्या, तर प्लेट काढून परत ठेवताना ती सरळ करायला डायल इंडिकेटर फिरवत बसावं लागत नाही.

बनवायला मात्र वेळ जातो. २५-२५ मिमीवर एम ६ ची भोकं म्हणजे प्रत्येकाला ५ मिमी ड्रिल आणि आटे पाडायला टॅप. डॉवेलसाठी ५.८ चं ड्रिल मारून मग नेमक्या मापाला आणायला ६ चा रीमर. एच ७ (भोकाच्या मापाची ठरलेली सूट) मध्ये हे भोक ६ ते ६.०१२ मिमीच्या आत असावं लागतं. नुसत्या ६ च्या ड्रिलवर भागवू नका, ड्रिलचं भोक मोठं पडतं आणि डॉवेल डुगडुगतो. रिकाम्या आट्यांत चुरा भरतो, पण त्यांत ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) पिळून ठेवले की तो त्रास मिटतो.

माझं मत फिरलं ते वरून दाबणाऱ्या क्लॅम्पमुळे. ब्रॅकेटची कड चारही बाजूंनी फिनिश करायची, तर क्लॅम्प कटरच्या वाटेत येतोच. मग अर्धी कड मारायची, मशीन थांबवायची, दुसऱ्या जागी नवा क्लॅम्प आवळायचा, त्यानंतर पहिला सोडायचा आणि उरलेली कड घ्यायची. हे सगळं कितीही सांभाळून केलं, तरी दोन कट जिथे भेटतात तिथे एक बारीक रेघ उमटते. दाब एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, की पातळ ॲल्युमिनियम जरासं तरी हलतं. ती रेघ किती मायक्रॉनची हे मी मोजलेलं नाही, पण नख फिरवलं की अडतं, आणि काळं ॲनोडाइज केल्यावर तर ती आणखी उठून दिसते. हाताने केलेल्या वस्तूवर ती मला सहन होत नाही. बाजूने दाबणारे क्लॅम्प मिळतात आणि त्यांनी वरची बाजू मोकळी होते, पण कडेची अडचण उरतेच.

सॉफ्ट जॉमध्ये जॉब खालच्या तीनेक मिमीतच पकडला जातो. वरचा सगळा भाग आणि कड कटरला मोकळी, एका फेरीत संपते. बैठक कापताना जॉ मोकळे ठेवू नयेत. मधे खालच्या बाजूला एखादा तुकडा धरून, जॉब जितका आवळणार तितकंच आवळून कापावं, म्हणजे हलत्या जॉचं उचलणं बरंचसं आधीच हिशेबात धरलं जातं. आतल्या कोपऱ्यांत आधी ड्रिल मारून घ्या, नाहीतर एंडमिलची (गोल कटरची) गोलाई राहते आणि जॉबचा कोपरा तिच्यावर चढून बसतो. गोल रिंगेलाही हीच रीत: मधे पट्टी धरून जॉ बोअर केले, की पट्टी काढल्यावर पकड रिंगेभोवती सगळीकडून बसते.

जॉ काढून परत लावले की माप थोडं हलतं, हे खरं. हलका कट फिरवून बैठक ताजी करावी लागते आणि तितकी ती मोठी होते. जॉपेक्षा रुंद, पातळ पत्र्याला तर हा उपाय नाहीच, तिथे प्लेट हवी. किंवा पत्र्याला आणि खालच्या ठोकळ्याला मास्किंग टेप लावून मधे सुपरग्लू, हलक्या कटाला तेही चालतं.

पार्टाला आधीच दोन आरपार भोकं असतील आणि त्यांतूनच बोल्ट घेता येत असेल, तर प्लेट निवडणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, कारण मग वाटेत क्लॅम्पच उरत नाही. बाकी कामांसाठी मी आधी जॉच करून बघायला सांगेन. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्याजवळ भोसरीच्या भंगारात ॲल्युमिनियमचा चौकोनी बार बघा, व्हाइसच्या मूळ जॉपेक्षा जाड घ्या. एक जोडी तीन-चार वेगवेगळ्या पार्टांसाठी वरून छिलून पुन्हा वापरता येते. प्रत्येक जॉवर पंचाने नंबर आणि डावी-उजवी बाजू मारून ठेवा.