टॉप-अप की सुपर टॉप-अप? आत्यासाठी मांडलेला हिशेब

आत्या ६७ वर्षांची, मधुमेह जुना. मूळ आरोग्य विमा ५ लाखांचा. त्यावर जादा विमा म्हणून टॉप-अप घ्यावा की सुपर टॉप-अप, हा तिचा प्रश्न. दोन्हींत डिडक्टिबल ५ लाख धरू, म्हणजे तेवढ्या खर्चानंतरच ही पॉलिसी पैसे देणार.

खरा फरक डिडक्टिबल मोजण्यात आहे. समजा, एका वर्षात दोनदा दवाखाना झाला: एकदा ४ लाख, एकदा ३ लाख. मूळ विमा ५ लाखांवर संपला. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो आणि एकही बिल ५ लाखांच्या वर नाही, म्हणून तो काहीच देणार नाही. उरलेले २ लाख आत्याच्या ठेवीतून जाणार. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ७ लाख, आणि ते २ लाख भरतो. उतारवयात एकाच आजारासाठी पुन्हा पुन्हा भरती व्हावं लागतं, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यांत मोठा वाटतो.

हप्ता साध्या टॉप-अपचा सहसा कमी. जुन्या आजारांची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांसाठी पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, दोन्हीकडे असू शकते; २०२४ च्या नियमानुसार ती जास्तीत जास्त ३ वर्षं. को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला हिस्सा) आणि खोलीभाड्याची मर्यादा मात्र पॉलिसीच्या कागदातच वाचा, एजंटच्या तोंडून नको. सुपर टॉप-अपला आधीच्या क्लेमची कागदपत्रंही जपावी लागतात.

मूळ विमा भक्कम असेल आणि भीती एखाद्याच मोठ्या शस्त्रक्रियेची असेल, तर टॉप-अप चालेल. आत्यासारख्यांना सुपर टॉप-अपच.