कुत्रा की मांजर? दुखणी आणि दवाखाना समोर ठेवून

कुत्रा पाळावा की मांजर, याची चर्चा होते ती स्वभाव, जागा आणि वेळ यांवर. आजारपणाचा विषय निघतो प्राणी घरात आल्यावर. पण मोठ्या जातीचा कुत्रा आठ-दहा वर्षं, लहान कुत्रा बारा-पंधरा आणि घरात राहणारं मांजर कित्येकदा पंधराच्याही पुढे जगतं. तेवढी वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या ठरलेल्या. म्हणून दोघांची दुखणी निवडीच्या आधीच शेजारी शेजारी मांडलेली बरी.

कोण कमी आजारी पडतं, या हिशेबातून फारसं काही निघत नाही. खरा फरक आहे तो आजार कळतो कसा, यात. कुत्र्याचं दुखणं वाजतगाजत येतं: तो लंगडतो, खाजवतो, ओकतो, जेवणाकडे पाठ फिरवतो आणि तोंड पाडून तुमच्या पायाशी येऊन बसतो. मांजर दुखणं लपवतं. फार फार तर पलंगाखाली जाऊन झोपतं, आणि झोपणं हा तर त्याचा रोजचाच उद्योग. 'मांजराचं काही बघावं लागत नाही' हे वाक्य म्हणूनच अर्धं खरं आहे. करावं कमी लागतं, बघावं जास्त लागतं.

पहिलं वर्ष

इथे दोघांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं थोडंच आहे. लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. इतक्या वेळा का, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीचा परिणाम मारते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. एकच इंजेक्शन देऊन निश्चिंत होणाऱ्यांची पिल्लं नेमकी या फटीत सापडतात.

कुत्र्यासाठी पार्व्हो, डिस्टेंपर, संसर्गजन्य कावीळ आणि रेबीज; शिवाय लेप्टोची लस दरवर्षी. मांजरासाठी पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी आणि रेबीज. बाहेर हुंदडणारं असेल तर ल्युकेमियाच्या विषाणूचीही. पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. तो मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. दोघेही कमालीचे चिवट, घरात-अंगणात महिनोन्‌महिने टिकतात आणि चपलेला चिकटूनही आत येतात. 'आमचं मांजर उंबरठा ओलांडत नाही, त्याला लस कशाला?' याचं उत्तर त्या चपलेत आहे.

कुत्रा: बाहेरून येणारं

कुत्रा रोज बाहेर जातो आणि रोज काहीतरी घेऊन येतो. त्यात सर्वांत त्रासदायक गोचीड. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात: ताप, मरगळ, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, कधी नाकातून रक्त. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावं लागतं; दुसऱ्याच आठवड्यात कुत्रा उड्या मारायला लागतो म्हणून मध्येच औषध सोडणारे पुन्हा दवाखान्यात दिसतात. बबेसियाचं औषध वेगळं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने उपचार नकोत. फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा चाचपायची, आणि गोचीडनाशक गोळी किंवा थेंब वेळच्या वेळी द्यायचे. हे वर्षानुवर्षं करण्याचं काम आहे. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं, त्याच्या अंगावर गोचीड कमी सापडते. पिसवा मात्र तिथेही होतात.

दुसरं म्हणजे खाज. कान, पंजे, पोट. कुत्र्याला ॲलर्जी असेल तर ती आटोक्यात राहते, मुळासकट जात नाही. हे आधी ऐकलेलं असलं की दर तीन महिन्यांनी डॉक्टर बदलण्याची वेळ येत नाही. लोंबत्या कानांच्या कुत्र्यात कानदुखीही पुन्हा पुन्हा उलटते.

कुत्र्याच्या बाबतीत जात फार मोलाची ठरते. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा, डॅक्सहुंडमध्ये पाठीचे मणके. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगून जठराला पीळ बसतो: कुत्रा ओकाऱ्या काढतो, बाहेर काहीच पडत नाही, पोट टणक होतं. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते, काही तासांत जीव जातो. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचं तर श्वास घेणं हेच दुखणं. उन्हाळ्यात थोडं चालले तरी उष्माघाताच्या दारात. पहिलाच कुत्रा घेणाऱ्याला मी चपट्या नाकाचं पिल्लू सुचवणार नाही, ते कितीही गोड दिसलं तरी. मिश्र जातीचा कुत्रा आजारी पडतच नाही असं नव्हे, पण असे ठरलेले दोष त्याच्यात कमी साचतात.

मांजरातही जातींचे दोष आहेतच. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. स्कॉटिश फोल्डचे ते दुमडलेले कान म्हणजेच कूर्चेचा दोष, आणि तो कानापुरता थांबत नाही, सांध्यांतही असतो. साध्या मांजराला या यादीतलं बहुतेक काही लागू होत नाही.

मांजर: आतून पोखरणारं

मांजराचं घर चालवणारा मुख्य अवयव मूत्रपिंड, असं गमतीने म्हणता येईल, कारण म्हातारपणी बहुतेक गाडी तिथेच अडते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, ठळक वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंचसं काम थांबलेलं असतं. तोपर्यंत बाहेरून दिसतं ते एवढंच: पाणी जरा जास्त पितं, ट्रेमधल्या वाळूत लघवीचे गोळे मोठे होतात, वजन हळूहळू उतरतं. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन कमी झालं तर ती दहा टक्के घट झाली. केसांमुळे ती डोळ्याला दिसतही नाही. घरात वजनकाटा असावा आणि महिन्यातून एकदा मांजर त्यावर बसावं. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. सात वर्षांनंतर दरवर्षी रक्त, लघवी आणि रक्तदाब, दहानंतर दर सहा महिन्यांनी.

दोन गोष्टी मात्र थांबू देत नाहीत. पहिली बोक्याची लघवी अडणं. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबच पडतो. घरचे समजतात बद्धकोष्ठ. मूत्रमार्ग पूर्ण बंद असेल तर एक-दोन दिवसांत रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. दुसरी उपासमार. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर बहुधा निभावतं. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस न खाल्ल्यावर यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार सुरू होतो. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरापुढे चालत नाही.

थायरॉइडमध्ये दोघं अगदी उलट. म्हातारा कुत्रा थायरॉइड कमी पडून जाड आणि सुस्त होतो, म्हातारं मांजर जास्त होऊन अधाशासारखं खातं आणि वाळत जातं. मधुमेहात कुत्र्याला बहुतेकदा जन्मभर इन्शुलिन. मांजराचा लवकर सापडला तर काहींचं इन्शुलिन बंदही होतं.

मांजराच्या बाजूने एक मोठी चांगली बातमी आहे. एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूच्या बदललेल्या रूपाने होणारा आजार अगदी अलीकडेपर्यंत मृत्युदंडच समजला जायचा. २०१९ साली पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि चित्र पालटलं. साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने आता बहुतेक मांजरं वाचतात.

नसबंदीबद्दल थोडक्यात. न केलेल्या कुत्रीत उतारवयात गर्भाशयात पू होणं सर्रास दिसतं. मांजरीत स्तनाच्या गाठी कुत्रीपेक्षा कमी आढळतात, पण झाल्या तर बहुतेक कर्करोगाच्याच निघतात. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर दोघींत हा धोका खूप घटतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत सांध्यांची वाढ होऊ देण्यासाठी ती थोडी पुढे ढकलतात. डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

दवाखान्यापर्यंत पोहोचणं

कुत्र्याला दोरी लावली की निघाला. मोठ्या कुत्र्याला टेबलावर चढवायला दोन माणसं लागतात, पण तपासणी होते. मांजराचं दुखणं दवाखान्यात उशिरा पोहोचतं, त्याचं निम्मं कारण पिंजरा. तो माळ्यावर ठेवून आजारपणातच खाली काढला की मांजर गायब. पिंजरा खोलीत कायम उघडा ठेवा, आत जुना टॉवेल टाका. फारच बिथरणाऱ्या मांजराला जाण्याआधी शांत करणारी गोळी डॉक्टर देतात, ती मागायला संकोच नको. गोळ्या गिळवण्याचा प्रश्नही तसाच: कुत्रा खाऊत गुंडाळलेली गोळी गट्ट करतो, मांजर खाऊ खाऊन गोळी बाजूला काढून ठेवतं.

दोघंही एका घरात असतील तर औषधांचा डबा वेगळा हवा. कुत्र्यासाठीच्या, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेल्या थेंबांनी मांजराला झटके येतात, मृत्यूही होतो. पॅरासिटामॉलची आपली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन दोघांनाही घातक. कुत्र्याला चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम चालत नाही. मांजराला लिलीचं फूल, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा.

मग कोणाला काय?

रोज बाहेर जायला, अंग चाचपायला, दर महिन्याला गोळी लक्षात ठेवायला तुमची ना नसेल आणि दुखणं उघडपणे समोर आलेलं तुम्हाला परवडत असेल, तर कुत्रा. आरडाओरडा न करता रोज ट्रे, वाटी आणि वजन यांवर नजर ठेवणारा तुमचा स्वभाव असेल तर मांजर. सतत फिरतीवर असणारे लोक हटकून मांजर निवडतात, कारण खाणं-पाणी भरून ठेवून दोन-तीन दिवस जाता येतं. आरोग्याच्या दृष्टीने हीच निवड मला सर्वांत धोक्याची वाटते. कुत्रा कुणाकडे तरी सोपवावाच लागतो, त्यामुळे त्याचं बिनसलं तर कुणाच्या तरी डोळ्यांना दिसतं. एकट्या मांजराची लघवी शुक्रवारी अडली तर ते कळायला सोमवार उजाडतो. तेव्हा मांजर घेणार असाल तर रोज येऊन ट्रे उपसणारं माणूस आधी शोधा, मांजर त्यानंतर.