महालक्ष्म्यांसाठी दुबईहून आलेले पैसे आणि बंद पडलेलं खातं

माझे दीर दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतात. निलंगा तालुक्यातल्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि त्यांचा खर्च भाऊजींकडे असतो. सणाला येता येत नाही, तर निदान डाळ-गूळ-तूप, लक्ष्म्यांच्या साड्या, जेवायला येणाऱ्या सवाष्णींची ओटी एवढं तरी आपल्या पैशांतून व्हावं, असं त्यांना वाटतं. पैसे माझ्या खात्यावर येतात. माझं अंगणवाडीचं मानधन त्याच खात्यावर जमा होतं आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ताही त्यातूनच जातो. हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्याची झळ नुसती सणाला बसली नाही.

दरवर्षी भाऊजी तिथल्या परवानाधारक एक्स्चेंजमध्ये जाऊन पैसे पाठवायचे. या वेळी त्यांच्या खोलीवर एक माणूस यायला लागला. आपल्याच भागातला, मराठी बोलणारा. तो म्हणायचा, एक्स्चेंजवाले फी कापतात, दर कमी देतात, वर गावाकडे बँकेत बाहेरचे पैसे दिसले की टॅक्सची नोटीस येते. मी दिरहममागे पन्नास पैसे जास्त देतो, फी नाही, अर्ध्या तासात पैसे घरी. खोलीतल्या दोघांचे पैसे त्याने आधी बिनबोभाट पोहोचवले होते. भाऊजींनी त्याच्या हातात 2,000 दिरहम रोख दिले. त्याने माझ्यासाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "वहिनी, काळजी करू नका, मेसेज येईलच." आणि मेसेज आलेही. एका पाठोपाठ एक तीन. 20,000, 18,000 आणि 10,000.

तिन्ही रकमा तीन वेगळ्या नावांनी आल्या होत्या. एक कुठल्याशा ट्रेडर्सकडून, एक बाईच्या नावाने, एक परप्रांतातल्या पुरुषाच्या नावाने. दुबईचा, एक्स्चेंजचा, भाऊजींच्या नावाचा कुठे उल्लेख नाही. फसवणूक होती ती याच तीन ओळींत. आकडा बरोबर आला की आपण पुढचं वाचत नाही आणि असल्या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

आवाहनाच्या आदल्या दिवशी निलंग्याच्या बाजारात किराणा बांधून झाला. मोबाईलवरून पैसे जाईनात. एटीएममधूनही निघेनात. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, खात्यावर फ्रीज आहे. सायबर पोलिसांचं आहे. दुसऱ्या राज्याचं." रांगेत आमच्या गावची माणसं उभी होती. गेली कित्येक वर्षं मी गावातल्या लेकरांचं वजन घेते, त्यांच्या आयांना भेटते. त्या रांगेत माझ्याकडे वळलेल्या नजरा मला अजून आठवतात.

किराणा दुकानदाराने उधारीवर दिला, साड्यांचं जावेने पाहिलं. लक्ष्म्या जेवल्या, मुळावर गेल्या. सण पार पडला.

मग कळलं ते असं. दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना "डिजिटल अरेस्ट"ची, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं भासवून अटकेची, भीती घालून चोरांनी लुटलं होतं. त्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यांच्या खात्यातून निघालेले पैसे जिथे जिथे फिरले, त्या प्रत्येक खात्यावर पोलिसांनी बोट ठेवलं. त्यातले 18,000 माझ्याकडे आले होते. म्हणजे भाऊजींचे दिरहम त्या माणसाने दुबईत ठेवून घेतले आणि इथे मला एका म्हाताऱ्या माणसाची लुटलेली पुंजी पाठवली. चोरांना चोरीचे रुपये खपवायला खाती लागतात. सणासुदीला घरी पैसे पाठवणारी आपली पोरं त्यांना अशी खाती आयती मिळवून देतात, आणि तीही चांगल्या माणसांची, ज्यांच्यावर कुणाचा संशय जाणार नाही. त्या गृहस्थांचा विचार मनातून जात नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतून माझ्या घरचं पुरण शिजणार होतं.

त्या एजंटाचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला. पावती नाही, परवाना नाही, तर तिथल्या पोलिसांपुढे तरी भाऊजी काय ठेवणार?

एजंटाने जी भीती घातली होती तीही खोटी. नवऱ्याचा भाऊ आयकर कायद्याने नातेवाईक धरला जातो आणि नातेवाईकाने दिलेल्या रकमेवर घेणाऱ्याला कर लागत नाही, रक्कम कितीही असो. दराचं म्हणाल, तर दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 असा बांधलेला आहे. त्यामुळे रुपयाचा भाव या एक्स्चेंजमधून त्या एक्स्चेंजमध्ये गेलात तरी थोड्याच पैशांनी हलतो. फी न घेता सगळ्यांपेक्षा जास्त भाव देणारा माणूस ती कसर कुठून भरून काढतो, एवढा प्रश्न तिथल्या पोरांना विचारायला सांगा. शिवाय अशा हवालाच्या, म्हणजे बँक आणि परवानाधारक एक्स्चेंज टाळून पैसे फिरवण्याच्या, वाटेने पाठवणं जसं बेकायदा, तसं घेणंही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 च्या कलम 3 मध्ये ते स्पष्ट आहे.

सरळ वाट अवघड नाही. एक्स्चेंज ओळखपत्र मागतं, पावती देतं, पावतीवर संदर्भ क्रमांक असतो. त्या पावतीचा फोटो घरी मागवून घ्या. खात्यात पैसे आले की मेसेजमध्ये बँकेचं किंवा एक्स्चेंजचं नाव जुळतं का बघा. घरी खातं नसलेल्या म्हाताऱ्या आईसाठी रोख घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर योजनेत आहे. एका वेळी 2,500 डॉलरपर्यंत, वर्षात 30 वेळा, आणि रोखीने 50,000 रुपयांपर्यंत हातात मिळतात. त्याहून मोठी रक्कम खात्यातच जाते.

खातं बंद झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगते. एका माणसाचा फोन आला. स्वतःला सायबर शाखेचा अधिकारी म्हणवत होता, माझं नाव त्याला माहीत होतं. आठ हजार भरा, संध्याकाळपर्यंत खातं सुरू करतो, म्हणाला. मी त्याला तक्रारीचा क्रमांक विचारला. तो चिडला, अटकेचं बोलला आणि फोन ठेवून दिला. खातं मोकळं करायला पोलीस फोनवरून पैसे मागत नाहीत. आधीच घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणारी ही वेगळी टोळी आहे, आणि तिला बळी पडलेल्या एका बाईंना मी ओळखते.

आम्ही केलं ते एवढंच. बँकेला लेखी अर्ज दिला आणि तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं, वादातली रक्कम लेखी मागितली. त्या ठाण्याला ईमेलवर भाऊजींच्या व्हिसाची प्रत, एजंटाशी झालेलं सगळं बोलणं, ती आवाजाची फाईल आणि माझं पासबुक पाठवलं. 18,000 अडवून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा, अशी विनंती केली. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा असं म्हटलं आहे, ते अर्जात लिहिलं. फोन, अर्ज, पुन्हा फोन. दिवाळी उलटल्यावर खातं सुरू झालं. मध्ये गटाचा हप्ता थकला, मानधन येऊन अडकून राहिलं.

परदेशातल्या आपल्या माणसाने पाठवले म्हणून ज्यांच्या खात्यावर अनोळखी लोकांचे पैसे आधीच येऊन गेलेत, त्यांनी फ्रीज लागायची वाट पाहू नका. त्या रकमेला हात लावू नका आणि कुणी सांगितलं म्हणून ती दुसऱ्या खात्यावर वळतीही करू नका. बँकेला आजच लेखी कळवा आणि एजंटाबरोबरचे मेसेज पुसू नका. आमच्याकडे ते शिल्लक होते, म्हणून पोलिसांनी ऐकून तरी घेतलं.