स्त्री चित्रकारांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मराठी विकिपीडिया कसा आहे?

मी नागपुरात एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवते. सत्राच्या शेवटी जो निबंध फक्त मी वाचायचा आणि कपाटात जायचा, त्याऐवजी हल्ली दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मराठी विकिपीडियावर एका स्त्री चित्रकाराचा लेख लिहायला किंवा सुधारायला देते. इतर शिक्षक विचारतात, 'हे साधन वर्गात चालतं का हो?' त्यांच्यासाठी हे लिहितेय.

चालतं, आणि उत्तम चालतं. फक्त ग्रंथालयात बसायची तयारी हवी. एका दुपारच्या कार्यशाळेत फोटो काढून मोकळं व्हायचं असेल, तर नका घेऊ.

संगणकाची बाजू सोपी आहे. टंकन न येणारी मुलंही रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणाऱ्या सोयीने तासाभरात लिहू लागतात. प्रत्येकाला स्वतःची 'धूळपाटी' मिळते. तिथे लेख हवा तितका खोडावा, तयार झाला की मुख्य जागी न्यावा. मला सर्वांत आवडतो तो 'इतिहास'. कोणी, कधी, कोणतं वाक्य घातलं किंवा काढलं, सगळं उघड दिसतं. चौघांच्या गटात काम कोणी केलं हे विचारावंच लागत नाही. शिक्षकांसाठी डॅशबोर्डही आहे, त्यावर अख्ख्या वर्गाची संपादनं एकत्र पाहता येतात.

एक सूचना मात्र लक्षात ठेवाच. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. प्रयोगशाळेत तीस मुलं बसवलीत तर सातव्यापासून सगळी अडतात. खाती आदल्या दिवशी घरून उघडून यायला सांगा, किंवा आधीच विनंती करून सूट मिळवा.

खरं काम सुरू होतं संदर्भांपासून. विकिपीडियाला प्रत्येक दाव्यामागे छापील किंवा विश्वासार्ह स्रोत लागतो, आणि आपल्या चित्रकार स्त्रियांबाबत नेमकी तिथेच टंचाई आहे. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) घ्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आयुष्यभर चित्र काढणाऱ्या बाई. पण माझ्या मुलींना जी जुनी कात्रणं मिळाली, त्यांत त्या आधी नामवंत चित्रकार रावबहादूर धुरंधरांच्या कन्या आणि मग चित्रकार. लेखाचं पहिलं वाक्य काय असावं यावर वर्गात दोन तास वाद झाला. 'या भारतीय चित्रकार होत्या' हे आधी आणि वडिलांचं नाव 'जीवन' या विभागात, असं शेवटी मुलींनी ठरवलं. मला तो निर्णय मनापासून पटला. वडिलांबरोबर त्या संस्थानांमध्ये चित्रं रंगवायला जात, तो त्यांच्या घडणीचा भाग आहे आणि लेखात यायलाच हवा. ती त्यांची ओळख मात्र नव्हे.

बी. प्रभा (१९३३–२००१) तर आमच्या जवळच्या, नागपूरकडच्या बेला गावच्या. त्यांचा लेख घेतलेल्या मुलाने कोणत्यातरी गॅलरीच्या पुस्तिकेतून 'स्त्रीसुलभ रेषा' असा शब्दप्रयोग उचलून आणला. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे नक्की कोणती रेषा?" कोणालाच सांगता येईना. मग आम्ही चित्रांच्या छापील प्रती टेबलावर मांडल्या आणि दिसतं तेवढंच लिहायचं ठरवलं: लांबट, सडपातळ देहाच्या कोळणी, मासळीच्या टोपल्या, मागे मोजक्या रंगांचा सपाट अवकाश. विकिपीडियावर स्तुतीची विशेषणं टिकत नाहीत, म्हणून मुलांना चित्राकडे पाहावं लागतं. माझ्या व्याख्यानांनी जे साधलं नव्हतं ते या एका नियमाने साधलं. गॅलरीच्या संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा डकवला तर तो प्रताधिकाराचा भंग म्हणून काढला जातो. तेही योग्यच आहे.

नावांचा गुंता मोठा. प्रफुल्ला डहाणूकर लग्नाआधी प्रफुल्ला जोशी होत्या. विद्यार्थिदशेतल्या नोंदी शोधायच्या तर जोशी या नावानेच शोधायला हव्यात. विकिपीडियावर 'पुनर्निर्देशन' करता येतं, म्हणजे कुठलंही नाव टाका, लेख एकच उघडतो. छोटी सोय आहे, पण एका बाईचं विद्यार्थिदशेतलं काम आणि पुढचं काम त्यामुळे एका जागी येतं.

आता चित्रांकडे येते. इथे मुलं सगळ्यात जास्त हिरमुसतात. भारतीय कायद्यात प्रताधिकार कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या सामायिक भांडारात, प्रताधिकार संपलेली किंवा मुक्त परवान्याचीच चित्रं चढवता येतात. अंबिकाताईंचे वडील, रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली वारले, त्यामुळे त्यांच्या लेखाला चित्रांची कमी नाही. अंबिकाताईंची चित्रं २०६९ संपेपर्यंत बंद. मूळच्या गोव्याच्या त्रिंदाद कुटुंबातही तेच. वडील आंतोनियो शाविएर १९३५ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. मुलगी अँजेला १९८० साली गेली, तिची २०४० संपेपर्यंत नाहीत. ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवणारी, मेरीला साडी नेसवणारी ही बाई मुलांना शब्दांत उभी करावी लागते. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्रिंदादांचा संग्रह आहे, गोव्याला गेलात तर जरूर बघा. अमृता शेर-गिल १९४१ मध्येच गेल्या, म्हणून त्यांची चित्रं खुली आहेत. बाकी बहुतेक लेख चित्राविना. यात विकिपीडियाचा दोष नाही, कायदा तसा आहे. पण बाप भरलेला आणि लेक कोरी, असे दोन लेख शेजारी उघडले की वाईट वाटतं. वारसदारांनी रीतसर परवाना दिला तर मार्ग निघतो. त्यात व्यावसायिक वापरालाही मुभा द्यावी लागते हे त्यांना आधीच स्वच्छ सांगा. शिल्पकार निवडली तर जरा बरं: सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो भारतात चालतो. भित्तिचित्राचा मात्र चालत नाही.

एके ठिकाणी हे साधन अपुरं पडतं आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण तोडगा नाही. वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, भिंतीवर लिहायचा मान परंपरेने सवाशिणींचा. त्यांची नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. पुढे कागदावर आलेल्या वारली चित्रांबरोबर जगाला नाव कळलं ते जिव्या सोमा म्हसे यांचं, आणि त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण ज्ञानकोशात चरित्र लिहायचं तर नाव हवं, सन हवा, स्रोत हवा. ज्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर जिवंत ठेवली त्यांच्यातल्या एकीचंही पान होऊ शकत नाही. आम्ही वारली चित्रकलेच्या लेखातच सवाशिणींचा वेगळा परिच्छेद, संदर्भासह, लिहायला घेतला आहे.

पाचपैकी साडेचार तारे. सुरुवात करणाऱ्यांनी नवा लेख घेऊ नये. आधी असलेल्या लेखात तीन संदर्भ जोडायला सांगावं. गुण शब्दसंख्येला न देता संदर्भांना द्यावेत. आणि मुलांचं संपादन कोणी उलटवलं तर चर्चापानावर नम्रपणे कारण विचारायला शिकवा. बहुतेकदा कारण असतं, आणि ते समजलं की पुढचं वाक्य चांगलं उतरतं.