मुलांचे डॉक्टर बदलून चौदा महिने झाले

आमची मुलगी फेब्रुवारीत दीड वर्षाची झाली. ती चार महिन्यांची असताना, डिसेंबर २०२४ मध्ये, आम्ही तिचे डॉक्टर बदलले आणि तेव्हापासून इथे नागपुरात एकाच दवाखान्यात जातोय. परवा फाईल काढून मोजलं, एकवीस भेटी झाल्या आहेत. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. पण नवीन आईबाबांना काय बघायचं ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पहिल्या वेळी मला ते सांगायला कोणी नव्हतं.

आधीचे डॉक्टर घरापासून पाच मिनिटांवर होते. मोठा हॉल, खेळणी, एसी, ऑनलाइन भरभरून तारे. सर्दीसाठी चार वेळा नेलं आणि चारही वेळा तीन-तीन बाटल्या घेऊन घरी आलो. वजन अंगावरच्या कपड्यांसकट एकदाच झालं. लसी 'न दुखणाऱ्या' म्हणून टोचल्या, त्यात नेमका फरक काय ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एकदा मात्र धीर करून विचारलं की हे तिसरं औषध कशासाठी आहे? उत्तर मिळालं, "द्या हो तुम्ही, बरं वाटेल तिला." त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं की आता इथे यायचं नाही.

नवे डॉक्टर शोधताना ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. 'स्वभाव चांगला आहे', 'हातगुण आहे', 'एका डोसात ताप उतरतो' अशी उत्तरं आली. सगळ्यात उपयोगी पडले आमच्या इमारतीखालचे मेडिकलवाले काका. ते म्हणाले, "ताई, ह्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आमचं बिल होत नाही. बरेचदा एकच ओळ असते." मग नेटवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत त्यांचा नोंदणी क्रमांक आणि पदवी तपासली आणि गेलो.

दवाखाना लहान आहे. दोन खोल्या, बाहेर दहा-बारा खुर्च्या. पहिल्याच भेटीत मुलीचे सगळे कपडे काढायला सांगितले, डायपरसुद्धा, आणि मग वजन केलं. लांबी मोजली, डोक्याला टेप लावली आणि फाईलमधल्या वाढीच्या तक्त्यावर तीन ठिपके दिले. तेव्हापासून प्रत्येक भेटीत वजनाचा ठिपका पडतोच, सर्दीसाठी नेलं तरी.

या तक्त्यामुळे आमच्या घरातलं एक मोठं भांडण मिटलं. सासूबाईंचं सारखं चालायचं, "पोरगी सुकून राहिली ना बाप्पा, बाळसंच धरत नाही." आधीच्या दवाखान्यातून त्यासाठी टॉनिकही मिळालं होतं. नव्या डॉक्टरांनी सासूबाईंनाच शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, "आजी, शंभर धडधाकट मुली ओळीत उभ्या केल्या, तर पंधराएक हिच्यापेक्षा हलक्या निघतील. हिची रेषा ही आहे आणि ही तिच्या रेषेवरून वर चालली आहे. रेषा सोडून खाली आली तर मी स्वतः तुम्हाला सांगेन." टॉनिक बंद झालं. सासूबाई आता प्रत्येक भेटीनंतर ठिपका कुठे पडला ते विचारतात.

गुटीबद्दलही तसंच. मला वाटलं होतं की बाळगुटीचं नाव काढलं की डॉक्टर रागावतील. त्यांनी शांतपणे विचारलं, काय काय उगाळता? हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग. आणि कशात देता? मधात. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून सांगितलं की वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकतं आणि बाळ लुळं पडू शकतं. जायफळही नको, त्याने गुंगी येते. बाकीच्याचीही गरज नाही, असं ते म्हणाले. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी मध त्याच दिवशी थांबवला.

लसींचा हिशेब त्यांनी एका कागदावर मांडून दिला. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात काय फुकट मिळतं आणि विकत काय घ्यावं लागतं, असे दोन रकाने. पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला हे सगळं सरकारी केंद्रात मोफत आहे, हे मला चार महिन्यांची आई होऊनही माहीत नव्हतं. न दुखणाऱ्या लसीचा खुलासाही इथे झाला. तिच्यामुळे ताप आणि सूज कमी येते हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जुन्या लसीचं जास्त काळ टिकतं. दोन्ही चालतात, पण निवडणाऱ्याला हे माहीत असायला हवं, असं त्यांचं म्हणणं. नवव्या महिन्यात न्यूमोकोकलचा बूस्टर आम्ही केंद्रात घेतला. गोवर-रुबेलाच्या जागी, गालगुंडाचंही संरक्षण मिळावं म्हणून, एमएमआर दवाखान्यात घेतली. फ्लू आणि टायफॉइडच्या लसी त्यांच्याकडे घेतल्या आणि पावती बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा कमीची मिळाली.

चिठ्ठीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिच्यामुळे एक मोठी चूक टळली. एप्रिलमध्ये मुलीला ताप आला. आठ महिन्यांची होती, वजन सात किलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पॅरासिटॅमॉल सिरप, ५ मिलीत १२० मिग्रॅ, ४ मिली, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. त्यातल्या '५ मिलीत १२०'भोवती पेनाने गोल काढलेला होता. नवरा दुसऱ्याच एका मेडिकलमधून औषध घेऊन आला. तिथे सिरप संपलं होतं म्हणून त्यांनी 'औषध तेच आहे' सांगून ड्रॉप्स दिले होते. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिग्रॅ असतात. नवऱ्याने सिरिंजमध्ये चार मिली भरूनही घेतले होते. मी चिठ्ठीतला गोल बघितला, बाटलीवरचा आकडा बघितला आणि त्याचा हात धरला. दिलं असतं तर चौपट औषध पोटात गेलं असतं. नंतर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की तो गोल ते प्रत्येक चिठ्ठीवर याचसाठी काढतात. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिलीच्या शेजारी औषधाची तीव्रता लिहिलेली नसेल, तर खोलीतून बाहेर पडायच्या आधी लिहून घ्या.

पण या दवाखान्यावर माझा विश्वास खरा बसला तो जुलैमध्ये.

सर्दी तीन दिवसांची होती. शुक्रवारी दाखवलं तेव्हा छाती साफ होती. औषध म्हणून फक्त नाकात घालायचे सलाइनचे थेंब दिले आणि फाईलच्या पानावर खाली पाच ओळी लिहून दिल्या: दूध घेत नसेल, मूल मलूल वाटत असेल, ओठ निळसर दिसले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा शांत झोपलेली असताना मिनिटात पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर सकाळची वाट बघू नका. श्वास कसे मोजायचे ते करून दाखवलं. पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून, नजर पोटावर.

शनिवारी रात्री साडेअकराला सासूबाईंनी मला उठवलं. "हिचं पोट उडून राहिलं." मी मोजले, अठ्ठावन्न. पुन्हा मोजले, छप्पन्न. डॉक्टरांना फोन लावला, बंद. फाईलच्या पहिल्याच पानावर 'रात्री इथे जा' असं लिहून धंतोलीतल्या एका हॉस्पिटलचा पत्ता दिलेला होता. वीस मिनिटांत पोहोचलो. पायाच्या अंगठ्याला क्लिप लावली तर ऑक्सिजन ९० दाखवत होता. ब्रॉन्किओलायटिस निघाला, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना आलेली सूज. दोन रात्री ऑक्सिजनवर होती, नाक साफ करत राहिले, थोडं थोडं दूध पाजलं. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण हा विषाणूचा आजार. रविवारी दवाखाना बंद असूनही आमचे डॉक्टर सकाळी तिला बघायला आले आणि तिथल्या डॉक्टरांशी आमच्यासमोर बोलले.

मी त्यांना फोन बंद होता हे सांगितलं, जरा चिडूनच सांगितलं. ते म्हणाले, नऊनंतर ते फोन घेत नाहीत, म्हणूनच ते पान सगळ्यांच्या फाईलमध्ये पहिलं लावलेलं असतं. मला हे आजही पटलेलं नाही. ते पान नसतं तर आम्ही कुठे गेलो असतो? आणि पान असलं तरी रात्री साडेअकराला पहिलटकरणीला एका ओळखीच्या आवाजाची गरज असते. पण त्या पाच ओळी नसत्या तर मी सासूबाईंना 'सकाळी बघू' म्हटलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

ऑक्टोबर २०२५ बद्दल लिहिल्याशिवाय नागपुरातल्या कुठल्याही आईचा अनुभव पूर्ण होणार नाही. मध्य प्रदेशातलं छिंदवाडा इथून तीन-साडेतीन तासांवर. तिकडची मूत्रपिंडं निकामी झालेली लेकरं उपचारासाठी आपल्याच शहरात आणत होते. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. त्या आठवड्यात मी घरातलं औषधांचं कपाट रिकामं केलं. मागच्या कोपऱ्यात आधीच्या दवाखान्यातली एक बाटली होती. त्या औषधाची नव्हे, दुसऱ्याच कंपनीची. तिच्यावर क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही दोन नावं होती आणि खाली बारीक अक्षरात छापलं होतं की चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. ही सूचना छापा असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. माझ्या मुलीला ते औषध तीन महिन्यांची असताना लिहून दिलं होतं आणि मी ते चार दिवस पाजलं होतं. तिला काही झालं नाही. पण ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

मग नव्या फाईलची पानं उलटली. तोवरच्या सगळ्या भेटींत खोकल्याचं औषध एकदाही लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने ऑक्टोबरमध्ये काढली. आमचे डॉक्टर ते आधीपासूनच पाळत होते. मधल्या काळात मी त्यांच्यावर दोनदा नाराज होऊन घरी आले होते, 'पाचशे रुपये घेतले आणि औषध काहीच दिलं नाही' म्हणून. ती नाराजी चुकीची होती.

आता तक्रारी. पावसाळ्यात नंबर लावूनही दीड-दीड तास बसावं लागतं आणि लसीला आलेली धडधाकट बाळं तापाच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात. मी हे दोनदा बोलले. जानेवारीपासून गुरुवारची सकाळ फक्त लसी आणि तपासणीसाठी ठेवली आहे, त्यामुळे थोडा फरक पडलाय. दुसरी तक्रार जास्त खुपते. नवरा बरोबर असला तरी खाण्यापिण्याचे, झोपेचे सगळे प्रश्न मलाच विचारतात, आणि फीचं बोलणं त्याच्याशी. आमच्या घरी रात्रीचं जेवण मुलीला तो भरवतो. त्याने एकदा स्वतःहून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पाच दिवसांत परत नेलं तर फी घेत नाहीत. ज्यांना रात्री-अपरात्री फोनवर डॉक्टर हवेतच, त्यांना हा दवाखाना मी सुचवणार नाही. बाकी माझ्या दोन मैत्रिणींना मी स्वतः घेऊन गेले आहे.

एकविसावी भेट गेल्या आठवड्यात झाली, अठरा महिन्यांची. त्यांनी वीस प्रश्नांचा एक कागद दिला. हाक मारली की बघते का, बोट दाखवून वस्तू मागते का, आपण दाखवलं तिकडे बघते का. बोटाच्या प्रश्नाला मी अडखळले. तिला काही हवं असलं की ती आमचा हात धरून तिकडे नेते. बोट दाखवत नाही, म्हणजे मी तरी पाहिलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "दाखवेल हो, लहान आहे." डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही आणि मला घाबरवलंही नाही. कागदावरच्या तीन उत्तरांबद्दल पुन्हा खोदून विचारलं, कानाची तपासणी करून घ्यायला चिठ्ठी दिली आणि महिन्याने परत बोलावलं. तोवर घरात मुलीसमोर मोबाइल बंद, आणि ती जे बघेल त्याचं नाव घेऊन तिच्याशी बोलायचं. या वेळी हे त्यांनी नवऱ्याकडे बघूनही सांगितलं.

कानाची तपासणी मंगळवारी आहे.